टीबी कुठल्या रकान्यात टाकायचा?

हॉस्पिटलात काम करणाऱ्या माणसाला हॉस्पिटलातच आजार लागला, तर तो कागदावर कुठे जातो? गेले काही महिने हा प्रश्न मी भेटेल त्याला विचारतोय. उत्तर एकच येतं : रजेत. 'वैद्यकीय रजा, १४ दिवस, सर्टिफिकेट जोडले आहे.' विषय संपला. एका सिस्टरला वॉर्डात टीबी लागला, दुसरीचा बाथरूममध्ये पाय घसरून हाड मोडलं, तिसरीला लग्नाच्या जेवणातून कावीळ झाली... मॅनेजरच्या एक्सेल शीटमध्ये तिघींचा रंग सारखाच पिवळा.

आजचा मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना सोमवारच्या रिलीजचं टेन्शन आहे त्यांना इथूनच सटकता येईल :) आपल्याकडच्या हॉस्पिटल मॅनेजरांना कर्मचाऱ्याचा आजार फक्त गैरहजेरी म्हणून कळतो. आज ड्युटीला कोण नाही, तिच्या जागी कोणाला डबल लावायची, पगारातून किती कापायचे, इथपर्यंत सगळं चोख. पण हा आजार कामाच्या जागेबद्दल काही सांगतोय, असं त्यांच्या मनातही येत नाही. कसं येणार? त्यांच्या समोरच्या फॉर्मवर तसा रकानाच नसतो. आणि तो नसणं हा योगायोग नाही. ठेवायचा नाही, असं कोणीतरी ठरवलेलं असतं. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण ते ठरवलं गेलं तेव्हा मी समोरच्या खुर्चीत बसलो होतो.

झालं असं. मी पुण्यात हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत आहे. बिलिंग, ओपीडी, फार्मसी आणि आता कर्मचाऱ्यांची हजेरी-रजा. मूळचा जालना जिल्ह्यातला, अंबडचा. जालना म्हटलं की पुण्यातल्या लोकांना स्टील आणि बियाणं आठवतं, अलीकडे अंतरवाली सराटी, आणि फार तर देवगिरी एक्सप्रेसमध्ये झोपेत गेलेलं स्टेशन. त्यामुळे आमच्याच जिल्ह्यातलं एक खाजगी हॉस्पिटल क्लायंट म्हणून आलं, तेव्हा मी ते काम हौसेने मागून घेतलं. नाव सांगणार नाही, तुम्हीही अंदाज लावू नका.

रजेच्या स्क्रीनवर कारणांचा ड्रॉपडाऊन होता : किरकोळ, अर्जित, वैद्यकीय, प्रसूती, विनावेतन. 'वैद्यकीय' निवडलं की खाली एक प्रश्न यावा, अशी सोय मी केली. 'या आजाराचा किंवा दुखापतीचा संबंध कामाशी असू शकतो का? हो / नाही / माहीत नाही.' 'हो' म्हटलं तर पुढे तीनच गोष्टी : कुठला विभाग, काय करताना, अंदाजे तारीख. दोन तासांचं काम. डेमोला तिथले अ‍ॅडमिन साहेब ते बघून हसले. "अहो सर, हे कशाला ठेवलं? उद्या सगळेच 'हो'वर टिक करतील." मी म्हटलं, करू द्या की, दोन-तीन महिन्यांत खरं किती न् खोटं किती ते डेटातच दिसेल. तेव्हा ते जरा गंभीर झाले. "तसं नाही हो. लिहून ठेवलं की ते राहतं. उद्या कोणी हाच रिपोर्ट काढून लेबर ऑफिसला गेलं म्हणजे?"

इतकं प्रामाणिक वाक्य मी आजवर कुठल्याच रिक्वायरमेंट मीटिंगमध्ये ऐकलेलं नाही. लिहून ठेवलं की ते राहतं! रकाना स्क्रीनवरून गेला. 'फेज टू'मध्ये बघू असं मिनिट्समध्ये आलं. फेज टू म्हणजे काय, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

आता मला याचा एवढा राग का, तेही सांगतो. माझी आत्या स्टाफ नर्स आहे. (हॉस्पिटलात 'मावशी' ही पोस्ट असते, त्यामुळे आत्या असलेली बरी, गोंधळ होत नाही.) जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका हॉस्पिटलात, मेडिकल वॉर्डात, १८ वर्षं. मागच्या वर्षी तिला फुप्फुसाचा टीबी निघाला. सहा महिन्यांची औषधं. सुरुवातीचे आठवडे घरी काढले, त्यात शिल्लक रजा संपली, वरचे दिवस विनावेतन. तिला ऑफिसात विचारलेला पहिला प्रश्न होता, "घरात कोणाला होता का?" दुसरा, "शुगर आहे का तुम्हाला?" तिसरा, "जॉइन कधी होताय?" वर्षभरात त्या वॉर्डात खोकणारे किती पेशंट निदान होईपर्यंत आठ-आठ दिवस पडून होते, खिडक्या का बंद असतात, तिच्याबरोबरच्या सिस्टर्सची तपासणी करायची का, हे विचारायला कोणालाही सुचलं नाही. आत्याला त्याचं काहीच वाटलं नाही, हे मला जास्त लागलं. "अरे, नर्स म्हटल्यावर असं व्हायचंच," म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

तर 'घरात कोणाला होता का'. व्यवस्थापनाचा हा आवडता डाव आहे. टीबी काय, भारतात सगळीकडेच आहे, रिक्षात लागला असेल, भाजी मंडईत लागला असेल, आमच्याच वॉर्डात लागला कशावरून? वरवर पाहता एकदम शास्त्रीय वाटतं. पण हा प्रश्न विचारून, मोजून, छापून झालेला आहे, आणि तोही आपल्याच राज्यात. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम हॉस्पिटलात ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांची तपासणी झाली आणि ती २००५ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आली. त्वचेवरची चाचणी आणि रक्ताची चाचणी, यांपैकी निदान एकीत ५० टक्के कर्मचारी पॉझिटिव्ह निघाले. (पॉझिटिव्ह म्हणजे टीबीचा जंतू शरीरात शिरून बसलेला, यातल्या बहुतेकांना प्रत्यक्ष आजार कधीच होत नाही, हे खरं.) आता मॅनेजर म्हणेल, बघा, आपल्या देशात बाहेरही इतकेच निघतील. पण त्याच अभ्यासात नोकरीची वर्षं जितकी जास्त तितका धोका जास्त, असंही दिसलं. आणि त्याहून सरळ आकडा वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा आहे, २०११ मध्ये छापलेला. तिथे नर्सिंगच्या विद्यार्थिनींना वर्षाला नव्याने संसर्ग होण्याचं प्रमाण ७.८ टक्के निघालं. देशातल्या सर्वसाधारण लोकांसाठी तेव्हाचा अंदाज होता १.५ टक्के. पाचपट! भाजी मंडई तर सगळ्यांना सारखीच होती ना?

एक गोष्ट लक्षात घ्या, या दोन्ही संस्थांनी स्वतःच्या माणसांना तपासलं आणि निघालेला आकडा जगासमोर ठेवला. त्यांची अब्रू गेली नाही. उलट आज पंधरा-वीस वर्षांनी मी त्यांचं नाव आदराने घेतोय, आणि माझ्या क्लायंटचं नाव मात्र मला लपवावं लागतंय.

आणि गंमत म्हणजे 'कशावरून' या प्रश्नाचं उत्तर कायद्याने कधीच देऊन ठेवलंय. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा आहे, ज्याचं नाव २०१० पासून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झालं. त्याला जोडलेल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत अगदी पहिल्या क्रमांकावर काय आहे? शिसं नाही, पारा नाही, खाणीतली धूळ नाही. पहिल्या क्रमांकावर आहेत संसर्गजन्य आजार, आणि त्यापुढे कामाचं पहिलंच नाव आरोग्यसेवा आणि प्रयोगशाळेतलं काम. आणि या गटातल्या आजारांबद्दल कायदा म्हणतो, की उलट सिद्ध होत नाही तोवर तो कामामुळेच झाला असं धरायचं. म्हणजे आत्याने 'वॉर्डातच लागला' हे सिद्ध करायचं नाही; मालकाने 'वॉर्डात लागला नाही' हे सिद्ध करायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण आजारांची यादी तिथेही आहे. आता नर्स त्या व्याख्येत कधी बसते, कंत्राटदारामार्फत आलेला वॉर्डबॉय नक्की कोणाचा, यावर वकील मंडळी वर्षानुवर्षं भांडू शकतात, भांडोत. पण 'घरात कोणाला होता का' हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने उलटा आहे, हे निदान एचआरच्या माणसाला तरी माहीत असावं की नाही?

आमच्या जालन्याच्या एमआयडीसीत जाऊन बघा. रोलिंग मिलमध्ये कामगार भाजला तर मालकाला ते कळवावं लागतं. १९४८ च्या कारखाना कायद्यात (तोही आता नव्या संहितेत गेला) कळवायच्याच अशा आजारांची यादी होती, शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, आवाजाने येणारा बहिरेपणा वगैरे. कारखान्यात सगळं आलबेल चालतं असं म्हणायचा माझा अजिबात दावा नाही. तिथे काय चालतं हे जालनेकरांना सांगायला नको. पण निदान तिथल्या मॅनेजरला हे माहीत असतं, की भट्टीमुळे माणूस आजारी पडू शकतो आणि तसं झालं तर प्रश्न भट्टीला विचारला जातो. हॉस्पिटलचा मॅनेजर मात्र अशा इमारतीत बसतो जिथे आजार हाच कच्चा माल आहे, आणि त्याला नवल वाटतं ते सिस्टर आजारी पडली याचं!

यात सगळ्यात हलाखी आशाताईंची. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ही योजना आली तेव्हापासून त्या 'स्वयंसेविका' आहेत. पगार नाही, मानधन आहे. म्हणजे त्या कर्मचारीच नाहीत, म्हणजे त्यांना कामामुळे आजार होणं तांत्रिकदृष्ट्या शक्यच नाही! २०२० च्या सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली, तेव्हा घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजत कोण फिरत होतं? मंठा, परतूर, घनसावंगीच्या वाड्यावस्त्यांवर याच बायका. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांना पुरस्कार दिला. आनंद आहे. पण व्याख्या तीच राहिली, आणि मानधनासाठी महाराष्ट्रातल्या आशांना २०२१ आणि २०२३ मध्ये संपावर जावं लागलं.

कोविडचं निघालंच आहे तर ते पूर्णच बघू, कारण या सगळ्या रोगाचं इतकं स्वच्छ निदान दुसरीकडे कुठे होणार नाही. तेव्हा राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे होते, आमच्याच जिल्ह्यातल्या घनसावंगीचे आमदार. त्यामुळे जालन्यात आरोग्य खात्याची चर्चा जरा जास्तच व्हायची. २२ मार्च २०२० ला आपण सगळ्यांनी गॅलरीत थाळ्या वाजवल्या. ३ मे ला हेलिकॉप्टरमधून हॉस्पिटलांवर फुलं टाकली. मार्चअखेरीस केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला, देशभरातल्या सुमारे २२ लाख लोकांसाठी. आशाही त्यात होत्या, हे चांगलंच. पण विमा कशाचा होता? मृत्यूचा. आजारी पडलात, महिनाभर ऑक्सिजनवर होतात, नंतर सहा महिने जिना चढता येत नव्हता, त्याचा त्यात हिशोब नव्हता. मेलात तरच मोजणार. आणि मेल्यावरही भांडण संपेल असं नाही. नवी मुंबईत जून २०२० मध्ये वारलेल्या एका खाजगी डॉक्टरांच्या पत्नीचा अर्ज 'त्यांची सेवा सरकारने रीतसर मागवली नव्हती' या कारणाने नाकारला गेला, उच्च न्यायालयातही त्या हरल्या, आणि अशा डॉक्टरांनाही ही योजना लागू होऊ शकते हे सर्वोच्च न्यायालयाकडून ऐकायला डिसेंबर २०२५ उजाडला. साडेपाच वर्षं.

आणि किती जण आजारी पडले, किती गेले? सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत हा प्रश्न आला तेव्हा केंद्राचं उत्तर होतं, की आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही. म्हणजे माझ्या अ‍ॅडमिन साहेबांचंच उत्तर, फक्त लेटरहेड मोठं. मग इंडियन मेडिकल असोसिएशनने स्वतःच ३८२ मृत डॉक्टरांची यादी काढली. ही झाली डॉक्टरांची. नर्स, वॉर्डबॉय, सफाईवाले यांची यादी कोण काढणार? जगभरातही तेच. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी गेले असावेत. एक लाखाचा फरक! ही मोजणी नव्हे, हा अंदाज आहे, कारण मोजणी कोणी केलीच नाही. याउलट २००३ च्या सार्सच्या साथीत जगभरात सुमारे ८,१०० लोक आजारी पडले, त्यातले २१ टक्के आरोग्य कर्मचारी होते, हे आपल्याला नीट माहीत आहे. त्या एका आकड्याने हॉस्पिटलं जागी झाली. संसर्ग पसरतोय तो हॉस्पिटलातूनच, हे त्यातून कळलं.

फुलं टाकणं आणि न मोजणं या दोन गोष्टी एकत्र येतात त्याला कारण आहे. 'योद्धा' म्हटलं की जखम गृहीत धरली जाते. 'सेवा' म्हटलं की तक्रार करणारा छोटा ठरतो. सावित्रीबाई फुले १८९७ साली पुण्याच्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करताना स्वतः प्लेग होऊन गेल्या. आपण तो त्याग म्हणून शाळेत शिकतो, आणि तो त्याग होताच. पण दवाखान्यातल्या माणसाला दवाखान्यातला आजार होणं हे १८९७ मध्ये अटळ होतं म्हणून आजही अटळच, असा त्याचा अर्थ कोणी लावला? दरवर्षी १२ मे ला नर्सेस डे असतो. हॉस्पिटलात केक येतो, मेणबत्त्या लागतात, फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या फोटोला हार. ही बाई स्वतः १८५५ मध्ये क्रिमियात तापाने मरता मरता वाचली आणि पुढे आयुष्याची कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती. आणि तिचं खरं हत्यार दिवा नव्हतं, तक्ते होते. सैनिक जखमांपेक्षा हॉस्पिटलातल्या घाणीने जास्त मरतायत, हे तिने रकाने भरून, आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवलं. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीची ती पहिली महिला सदस्य. तिच्या फोटोला हार घालून रकाना डिलीट करणारे लोक बघितले की हसावं की रडावं कळत नाही.

आता 'आमच्याकडे असं काही होतच नाही' म्हणणाऱ्यांकडे येऊ. सुई टोचण्याचं उदाहरण घ्या. इंजेक्शन दिलेली सुई चुकून सिस्टरच्या बोटात जाते, हे रोज घडतं. पेशंटला हिपॅटायटिस बी असेल आणि सिस्टरने लस घेतलेली नसेल तर संसर्गाची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते, एचआयव्हीची ०.३ टक्के. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम सांगतात, की कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्या, वर्षातून एकदा तपासणी करा, अपघातांची माहिती वार्षिक अहवालात लिहा. एनएबीएचचं मानांकन हवं असेल तर सुई टोचण्याचं प्रमाण मोजायलाच सांगितलंय. त्यामुळे आकडा द्यावा लागतो. आणि तो कितीदा तरी शून्य असतो. वर्षभर, शंभर खाटा, शून्य!

आपल्या धंद्यात एखाद्या टीमने सांगितलं की रिलीजमध्ये शून्य बग सापडले, तर आपण पेढे वाटतो का? आपण विचारतो, टेस्टिंग केलं होतं का? सुई टोचल्याचं सांगायला गेलेल्या सिस्टरला पहिला प्रश्न येतो, "कॅप लावत होतीस ना?" तिने दोन हातांनी कॅप लावायला नको होती, हे बरोबरच आहे. पण सुया टाकायचा डबा पलीकडच्या टोकाला होता, तो गळ्यापर्यंत भरलेला होता, नाईटला अख्ख्या वॉर्डाला ती एकटी होती, हे कोण लिहिणार? एकदा बोलणी खाल्ली की पुढच्या वेळी ती बोट धुऊन, वर चिकटपट्टी लावून गप्प बसते. शून्य असं तयार होतं.

अमेरिकेत नोव्हेंबर २००० मध्ये यासाठी खास कायदा झाला. त्यात हॉस्पिटलला सुई टोचल्याची नोंदवही ठेवायला लागते. त्या वहीत काय लिहायचं तर उपकरण कुठल्या प्रकारचं आणि कुठल्या ब्रँडचं, कुठल्या विभागात, कसं घडलं. कर्मचाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं. बघा, वहीत सुईचं नाव येतं, सिस्टरचं येत नाही! आपल्याकडे सर्व्हर पडला की आपण अगदी हेच करतो. कोणी बटण दाबलं यापेक्षा एका बटणाने सर्व्हर पडूच कसा शकला, हे शोधतो. (म्हणजे चांगल्या कंपन्यांत. बाकीच्यांत काय होतं ते आपण सगळे जाणतो, असो.) म्हणजे ही काही आभाळातून पडलेली अक्कल नव्हे, नुसती वही आहे.

उपायांच्या बाबतीतही मॅनेजरचं गणित उलटंच असतं. टीबीसारख्या हवेतून पसरणाऱ्या आजारांसाठी आपल्या सरकारची २०१० पासूनची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत क्रम स्पष्ट आहे. आधी व्यवस्था बदला, म्हणजे खोकणारा पेशंट ओपीडीतच ओळखून वेगळा बसवा, लवकर तपासा. मग हवा खेळती करा. सगळ्यात शेवटी मास्क. कुठल्याही इंजिनिअरला हे पटेल, कारण धोका उगमाशी कमी करणं हे प्रत्येक माणसाच्या नाकाशी कमी करण्यापेक्षा केव्हाही खात्रीचं. पण व्यवस्थापन सुरुवातच शेवटापासून करतं. मास्क दिलाय ना, मग झालं. मास्क दिला की जबाबदारी सिस्टरच्या कानाला अडकवता येते. आजारी पडली तर 'मास्क नीट लावला नसेल'. मराठवाड्यातल्या मे महिन्यात, लाईट गेलेल्या वॉर्डात, बारा तास मास्क लावून दाखवावा एखाद्या अ‍ॅडमिन साहेबांनी. आणि खिडकी उघडायला पैसे लागत नाहीत, पण एसी बसवला की ती कायमची बंद होते.

मनाच्या थकव्याचंही तेच. 'बर्नआउट' हा शब्द आता आपण आयटीवाले ऊठसूट वापरतो, पण तो १९७४ साली डॉ. फ्रॉयडेनबर्गर यांनी मांडला तो न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात काम करणाऱ्यांबद्दल. शब्द त्यांचा, सुट्ट्या आपल्याला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या करताना तो कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या ताणातून येतो असं म्हटलंय. व्यवस्थापन त्यावर काय करतं? नाईट करून आलेल्या सिस्टर्सना सकाळी नऊला 'तणावमुक्ती'च्या व्याख्यानाला बसवतं. आमच्या मनगटात कळ आली तर कंपनी मऊ पॅडचा माऊस मागवते. ऐंशी किलोचा पेशंट उचलून आत्याची कंबर गेली तर तिला सांगतात वजन कमी करा.

मॅनेजर हा काही राक्षस नसतो, हे मलाही कळतं. त्याचं मूल्यमापन खाटा किती भरल्या आणि बिलं किती सुटली यावर होतं. माणसं कमी आहेत, एक सिस्टर सोडून गेली तर दुसरी मिळायला महिने लागतात. अशा वेळी कामामुळे आलेला आजार लिहून ठेवणं त्याला स्वतःच्या पायावर धोंडा वाटतो. पण जरा हिशोब करा. ज्या वॉर्डातून दोन वर्षांत तीन सिस्टर्स टीबीने रजेवर गेल्या, तो वॉर्ड त्याच्या रजिस्टरमध्ये दिसणारच नाही, कारण रजिस्टर नावाप्रमाणे लावलंय, जागेप्रमाणे नाही. मग चौथी जाणार. तिच्या जागी कोणाला डबल लावायची, हे तो पुन्हा शोधत बसणार, आणि डबल करणारी आणखी थकून त्याच खोलीत बारा तास जास्त काढणार. याला काटकसर म्हणायचं?

जालन्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेजचं उद्घाटन झालं. चांगली गोष्ट आहे, आमच्या जिल्ह्याला त्यासाठी १९८१ पासून, म्हणजे जिल्हा झाल्यापासून वाट बघावी लागली. आता अठरा-एकोणीस वर्षांची मुलं-मुली तिथे वॉर्डात उभी राहतील. वेल्लोरच्या त्या मुलींच्याच वयाची. यांची पहिल्या दिवशी तपासणी होऊन ती कुठेतरी लिहिली जाईल, दरवर्षी पुन्हा होईल, हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झाले का ते कोणीतरी बघेल, आणि आजारी पडलेल्याला 'घरात कोणाला होता का' याच्याआधी 'कुठल्या वॉर्डात होतास' असं विचारलं जाईल, एवढंच मागणं आहे. नवीन जागेत नवीन फॉर्म छापायचेच असतात, एक ओळ जास्त. माझा कोड तयार आहे, फुकट देतो.

तोवर तुमच्या घरात, नात्यात कोणी हॉस्पिटलात, लॅबमध्ये, अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करत असेल तर हे त्यांच्यापर्यंत पोचवा. सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुवा, दाबून रक्त काढत बसू नका, तोंडात बोट घालू नका. लगेच, म्हणजे शक्यतो दोन तासांत, एआरटी सेंटर असलेल्या सरकारी हॉस्पिटलात जा. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू झाली तरच उपयोगी पडतात आणि २८ दिवस घ्यायची असतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर 'सीझनल आहे' म्हणून स्वतःच औषध घेऊ नका, थुंकी तपासा. आणि काहीही झालं तरी साध्या कागदावर दोन प्रती करा : तारीख, वेळ, वॉर्ड, काय करत होते, सोबत कोण होतं. एक ऑफिसात द्या, दुसरीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर त्याच मजकुराचा फोटो काढून इन्चार्जला व्हॉट्सअ‍ॅप करा, त्यावर तारीख आपोआप पडते.